अकरा दिवसांचं पाऊल

बोगदा जवळ आला की जनार्दन रेवाळे छातीवरच्या खिशात हात घालायचा आणि आतल्या यंत्राचं बटण दाबून ते बंद करायचा. बोगद्यात आकाश नाही. आकाश नाही तिथं उपग्रह दिसत नाहीत. मग उगाच चालू ठेवून बॅटरी जाळायची कशाला? रिकाम्या खोलीतला दिवा तो ज्या तत्परतेनं घालवायचा, त्याच तत्परतेनं हे काम व्हायचं. पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलं की पुन्हा बटण. हा शहाणपणा त्याला कुणी शिकवला नव्हता. उलट आजूबाजूच्या चार बीटांवरच्या चावीवाल्यांना त्यानंच तो शिकवला होता आणि त्याचा त्याला मनातून चांगलाच अभिमान होता.

जनार्दन रेल्वेत चावीवाला. रूळ सिमेंटच्या स्लीपरला घट्ट धरून ठेवणारे पोलादी आकडे असतात, त्यांना तिथले लोक चावी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यानं चाव्या सैल होतात, कधी निखळून खडीत पडतात. खांद्यावर हातोडा, पाठीवरच्या पिशवीत लाल-हिरवे झेंडे घेऊन रोज सकाळी आपल्या वाट्याचं सहा किलोमीटरचं बीट चालायचं, सैल दिसेल ती चावी ठोकायची. जाताना एक रूळ, येताना दुसरा. त्याच्या बीटावर स्लीपर होते नऊ हजार नऊशे साठ. 'दहा हजाराला चाळीस कमी,' असं तो सांगायचा, आणि एकतीस वर्षांत त्या चाळिसांचा हिशेब कुणी त्याला विचारला नव्हता.

सन २०३८ उजाडलं तरी हे काम माणसाकडंच राहिलं होतं, कारण कॅमेऱ्याला सैल चावी दिसते पण तिच्यावर हातोडा मारता येत नाही. बदल झाला होता तो गाड्यांत. गाड्या आता ताशी एकशे साठच्या वेगानं, जवळजवळ आवाज न करता यायच्या. म्हणून सहा वर्षांपूर्वी प्रत्येक चावीवाल्याला ती डबी मिळाली होती. डबीला सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. उपग्रहांचे संदेश ऐकून ती आपला धनी कुठं आहे ते ओळखायची आणि येणाऱ्या गाडीला कळवायची. मग गाडी आपोआप दोन किलोमीटरवरून शिटी द्यायची, पुलावर माणूस असेल तर वेगही कमी करायची. थोडक्यात, डबी जिवंत तर माणूस गाडीला दिसायचा. डबी मेली की तो नसल्यातच जमा.

मार्चमधल्या एका मंगळवारी खाडीवरच्या पुलाच्या मध्यावर जनार्दनाची डबी मेली. त्याला ते कळलंही नाही. मागून गाडी आली, शिटी नाही, वेग कमी नाही. पायाखालचे पत्रे थरथरले तेव्हा त्यानं मागं पाहिलं आणि साठीला आलेला तो माणूस पुलाच्या कठड्याबाहेर काढलेल्या आसऱ्याच्या चौकटीकडं चाळीस फूट धावला. गाडी गेल्यावर तो बराच वेळ कठडा धरून उभा राहिला. घरी त्यानं हे सांगितलं नाही. पण गाडीच्या कॅमेऱ्यानं एक माणूस टिपला होता आणि ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर तिथं कुणीच नव्हतं, तेव्हा सांगायचं काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर साळवींनी त्याला चौकीवर बोलावलं.

"जनार्दन, तीन महिन्यांत ही अकरावी डबी मेली. सगळ्या याच पट्ट्यात. वरून स्पष्ट हुकूम आहे. डबीत नवा रिसीव्हर बसवून बघतील. तो टिकला तर ठीक, नाहीतर बीट बंद. कॅमेऱ्याची ट्रॉली धावेल आणि चाव्या आठवड्यातून एकदा गाडी थांबवून ठोकतील. रुळावर एकटा माणूस नको."

"साहेब, माझं काय, मी मे अखेरीला घरी बसणार."

"तुझं नाही रे. तुझ्या सुनेचं."

जनार्दनाची सून प्रणाली परीक्षा देऊन, पळण्याची चाचणी पार करून पास झाली होती. जूनपासून तिची नेमणूक होती ती नेमकी याच बीटावर. अख्ख्या विभागातली पहिली चावीवाली. बीट नाही तर नेमणूक नाही, आणि पुढच्या भरतीला तिचं वय निघून जाणार होतं.

आठवड्याभरात पुण्याहून अश्लेषा काणे आल्या. तिशीतल्या, उन्हानं लाल झालेल्या, पाठीवर तीन डब्या आणि डोक्यावर जनार्दनाच्या नातवाला शोभेल अशी टोपी. हातातल्या यंत्रांमध्ये कुठला रिसीव्हर बसवावा हे ठरवणं हेच त्यांचं काम होतं. जनार्दनाला वाटलं होतं, मॅडम चौकीत बसून कागद बघतील. त्या म्हणाल्या, "मी तुमच्याबरोबर चालणार. बॅटरी कुठं जाते ते कागदावर दिसत नाही."

चालल्याही. दर दहा पावलांनी ठेचकाळत, पण तक्रार न करता. बोगद्याच्या तोंडाशी आल्यावर जनार्दनानं सवयीनं खिशात हात घातला.

"काका, आत्ता काय केलंत?"

"बंद केली. बोगदा आला ना."

"रोज करता?"

"येताना-जाताना. सगळ्याच बीटांवर करतात. मीच शिकवलंय त्यांना," जनार्दन छाती पुढं काढून म्हणाला.

काणे मॅडम कडेच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली. प्यायचं राहूनच गेलं.

"काका, उपग्रह वीस हजार किलोमीटर उंच असतात. तिथून येणारा आवाज इतका क्षीण, की तो ऐकायला या डबीला कानात प्राण आणावा लागतो. त्यातही सगळ्यात जास्त ताकद कधी लागते माहीत आहे? पहिल्यांदा ऐकताना. कुठला उपग्रह कुठल्या वेळी कुठं असेल याचं प्रत्येकाचं एक वेळापत्रक असतं, ते तो स्वतःच सांगत असतो. ते उतरवून घ्यायला सलग अर्धं मिनिट लागतं. मध्ये आवाज तुटला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा उतरवलं की चारेक तास चालतं. तेवढ्या वेळात डबी झोपली, तरी उठल्यावर दोन सेकंदांत तिला जागा सापडते. पण तुम्ही तिला झोपवत नाही, तुम्ही तिचा जीवच काढता. बटण दाबलं की ही जुनी डबी सगळं विसरते. आत्ता किती वाजले तेसुद्धा."

"मंग बाहेर गेल्यावर पुन्हा उतरवून घेते."

"बोगद्याच्या पलीकडं काय आहे?"

"कटिंग." डोंगर कापून काढलेली ती खोल चर. दोन्हीकडं साठ-साठ फुटांच्या दरडी आणि वर आकाशाची एक पट्टी. ते सांगता सांगताच जनार्दनाचा चेहरा उतरत गेला.

"तिथं तिला अर्धं वेळापत्रक ऐकू येतं आणि दरडीआड हरवतं. पुन्हा सुरू, पुन्हा हरवतं. पाव तास पूर्ण ताकदीनं ती कान ताणून उभी असते. स्टेशनमास्तरनं गाडी यायच्या आधी रोज वेळापत्रकाचा फळा पुसून टाकावा, तसं झालं हे."

जनार्दनानं खिशातली डबी काढून तळहातावर धरली. "म्हणजे सहा वर्षं मी जी बॅटरी वाचवीत व्हतो, ती मीच पीत व्हतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, काका."

"इचारलं पण नव्हतं मी कुणाला."

त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की काही माणसं चिडतात, काही कामाला लागतात. जनार्दन त्याच संध्याकाळी चारही चावीवाल्यांच्या घरी स्वतः गेला आणि म्हणाला, "मी शिकवलेलं चुकीचं व्हतं. बोगद्यात डबी बंद करू नका." साठाव्या वर्षी हे वाक्य चार उंबऱ्यांवर उभं राहून म्हणणं सोपं नसतं. चौथ्या घरी तर चहासुद्धा मिळाला नाही.

बटण न दाबताही जुनी डबी दीड दिवसच टिकली. हवे होते सात दिवस. मागच्या वादळात खांब पडून अख्ख्या पट्टीची वीज सहा दिवस गेली होती आणि नेमक्या त्याच दिवसांत रुळांवर माणसांची सगळ्यात जास्त गरज होती, म्हणून सात. काणे मॅडमनी तिन्ही नव्या डब्या जनार्दनाच्या अंगावर चढवल्या आणि स्वतः पुण्याला परतल्या.

पहिल्या डबीतला रिसीव्हर सगळ्या देशांच्या उपग्रहांचं एकदम ऐकायचा. वीतभर चूक म्हणून नाही, पण दिवस मावळायच्या आत थंड. दुसरा मिनिटातून एकदा डोळा उघडायचा. तो पाच दिवस गेला, पण मिनिटाभरात गाडी अडीच किलोमीटर येते आणि माणूस पुलावर शंभर पावलं आत गेलेला असतो. त्याला गाडी अजून काठावरच समजणार. असल्या रिसीव्हरपेक्षा नसलेला बरा, निदान माणूस मागं बघून चालतो.

तिसरा मात्र वेगळा होता. तो आकाशाला फारसं विचारतच नसे. त्याच्या आत मोहरीएवढा एक संवेदक होता, त्याला धन्याचं प्रत्येक पाऊल कळायचं. पहिले तीन दिवस तो नुसती चाल शिकायचा. नंतर स्वतःच मोजायचा, एवढी पावलं झाली, एवढं वळण आलं, म्हणजे आपण इथं असणार. दर पावलाला त्याच्या मनात थोडी थोडी शंका साठायची. शंका तीन मीटरएवढी झाली की क्षणभर कान उघडून उपग्रहांना विचारायचा, चूक दुरुस्त करायचा, पुन्हा झोपायचा. बोगद्यात तर विचारायचाच नाही. म्हणजे धन्याचं पाऊल जितकं नेमकं, तितकी शंका कमी, आणि तितकी बॅटरी जास्त. पुण्याच्या रस्त्यांवर काणे मॅडमच्या सहकाऱ्यांनी तो घालून पाहिला होता. कुणाच्याच खिशात तो चार दिवसांच्या पुढं गेला नव्हता.

जनार्दनाच्या खिशात तो अकरा दिवस चालला.

काणे मॅडम फोन न करता स्वतः आल्या. हातात कागदाची गुंडाळी. "काका, पस्तीस माणसांच्या चाली पाहिल्यात मी. असा आलेख पाहिला नाही. तुमचं पाऊल दोन फुटांचं आहे, म्हणजे दोन फुटांचंच. सकाळी पण, उन्हात पण, दमल्यावर पण. स्लीपरला स्लीपर."

"एकतीस वर्सं," जनार्दन एवढंच म्हणाला. पण घरी येईपर्यंत त्याला चार माणसं भेटली आणि चौघांना अकरा दिवसांची गोष्ट ऐकावी लागली. वाडीत त्याचं नाव 'अकरा दिवस' पडलं. बायको म्हणाली, "आता पायांना हार घालते तुमच्या, म्हंजे चपला तरी जागेवर काढून ठेवाल." जनार्दनाला तेही कौतुकच वाटलं. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला होता, आणि खरं सांगायचं तर चढण्याचा त्याला हक्क होता.

उतरवलं ते काणे मॅडमनीच. "एक माणूस अकरा दिवस चालवतो म्हणून रिसीव्हर पास होत नाही, काका. तुम्ही तर जाणार. तुमच्या जागी जो येईल त्यानं सात दिवस काढले पाहिजेत. दोन संधी देते. तिसरी मागून मिळाली तर मिळाली."

मग प्रणालीची शिकवणी सुरू झाली. चावीवाल्यांची रीत अशी, की शिकाऊ माणसानं जुन्याच्या मागून, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालायचं. जनार्दनही त्याच्या गुरूच्या मागून असाच दोन वर्षं चालला होता. प्रणाली ठेंगणी, अंगानं बारीक. पहिल्याच दिवशी जनार्दनानं वळून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाय, डोक्यावर हंडा असल्यासारखी चालू नको. ही काय पाणवठ्याची वाट हाय? टाच आपट. खांदा हलव. स्लीपरच्या मधोमध पाऊल पडलं पायजे."

"व्हय मामा."

तिनं टाच आपटली, खांदा हलवला. दोन फुटांचं पाऊल तिच्या पायांना ताणून पडायचं, तरी पडलं. आठ दिवसांत लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पुढं मोठा जनार्दन आणि मागं छोटा. तिला डबी दिली. तीन दिवस डबीनं चाल शिकून घेतली. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली.

जनार्दन म्हणाला, सराव कमी पडला. आणखी आठ दिवस. पुन्हा डबी. या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच.

त्या दिवशी त्याचा तोल गेला. कटिंगच्या तोंडाशी उभं राहून तो ओरडला. "एक पाऊल! एक पाऊल सारकं टाकता येत नाय तुला? माझ्या मागनं चालत्येस नि तरी चुकत्येस?"

प्रणालीनं घामेजलेला चेहरा बाहीनं पुसला. "मामा, तुमच्या पावलात माजा पाय मावत नाय. मी काय करू? रात्री पोटऱ्या भरून येतात माज्या. यंत्राला कळतंय ते खोटं हाय म्हणून, तुमाला कळत नाय." तिनं खिशातली मेलेली डबी काढून त्याच्या हातात ठेवली. "माज्या आयनं मला दहा वर्सं सांगितलंय, नोकरी लागल्याबिगर राहू नको. आता तिला काय सांगू?"

ती पुढं निघून गेली. जनार्दन तिथंच उभा राहिला. ही पोर उलट बोलली याचा राग त्याला आला, आणि ती खरं बोलली याची भीती त्याहून जास्त वाटली. साळवींनी सांगून टाकलं होतं, तिसरी संधी मे महिन्यात, ती शेवटची. नंतर ट्रॉली.

मे महिन्यात वाडीतले नळ आटले. नळ दहा वर्षांपूर्वीच आले होते. उन्हाळ्यात पाणी यायचं तेवढं राहिलं होतं. बायका पुन्हा डोंगराखालच्या विहिरीवर जायला लागल्या. एका सकाळी सुट्टी होती म्हणून जनार्दनही बादली घेऊन प्रणालीच्या मागून विहिरीवर गेला. त्या भांडणानंतर दोघं कामापुरतंच बोलत होती.

येताना प्रणाली पुढं. डोक्यावर दोन हंडे, एकावर एक, कमरेला कळशी. जांभ्याच्या ओबडधोबड पायऱ्या, मग चढ, मग मोकळ्या सड्यावरची वाट. जनार्दन मागून. एकतीस वर्षांची सवय, पुढं पाऊल वाजलं की तो मोजायचाच. एक, दोन, तीन. पन्नासाच्या पुढं कुठंतरी त्याच्या लक्षात आलं की मोजण्यात कुठं अडखळायला होत नाही. पावलं आखूड होती, दीड फुटाचीसुद्धा नव्हती, पण घड्याळासारखी. चढावर तीच. वळणावर तीच. वाटेत धोंडा आला तर गुडघा वाकायचा, डोकं हलायचं नाही.

त्यानं खाली पाहिलं. त्याची अर्धी बादली लेंग्यावर सांडली होती. पुढच्या वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता.

जनार्दन वाटेतच थांबला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, असं त्याच्या मनात आलं, आणि कळसा खरोखरच डोळ्यांपुढं होता. सातव्या वर्षापासून डोक्यावर पाणी वाहणारी पोर. एक पाऊल चुकलं तर दोन मैल पुन्हा जावं लागेल या धाकात घडलेली चाल. आणि पहिल्याच दिवशी तिला तो काय म्हणाला होता? हंडा असल्यासारखी चालू नको.

"प्रणाली."

ती अंगासकट वळली, हंडे तसेच. "काय मामा?"

"उद्यापासनं माझ्या मागनं चालू नको."

तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, यांनी हात टेकले. "मंग?"

"पुढं चाल. डोक्यावर हंडा हाय असं समज नि तुला चालायचं तसं चाल. मी आडवा आलो व्हतो तुझ्या."

हंडे डोक्यावर असताना मान खाली घालता येत नाही, म्हणून तिचे भरलेले डोळे त्याला दिसले.

फोनवर काणे मॅडम आधी हसल्या, मग जोरात 'हो' म्हणाल्या. "बरोबर आहे, काका! यंत्राला दोन फूट नको आहेत. पाऊल केवढंही असो, ते ज्याचं त्याचं असलं पाहिजे. ती तुमची चाल चालत होती तेव्हा तुमची पुरती जमली नव्हती आणि तिची राहिली नव्हती. मग डबीला शंका येणारच. मी जुनी शिकवण पुसायला लावते, नव्यानं शिकू दे. आणि तुमचीही डबी भरून घ्या. मध्ये कुणी चार्ज करू नये म्हणून दोन्हींना एकाच दिवशी सील लावू."

प्रणाली आता रुळाला लागून असलेल्या पायवाटेनं चालायची. नजर चाव्यांवर, सैल दिसली की आत शिरून ठोकायची, की परत वाटेवर. पहिले दोन दिवस जनार्दन तिच्या मागून गपचूप चाव्या तपासत गेला. तिनं एकही सोडली नव्हती. उलट खाडीपुलाच्या अलीकडची एक अर्धवट तडकलेली चावी तिनं शोधली. ती किती दिवस तशी होती हे जनार्दनानं स्वतःला विचारलं नाही.

वीस मेला दोन्ही डब्यांना सील लागलं. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. चौथ्या दिवशी जनार्दनाला जेवण गेलं नाही. सहाव्या दिवशी कटिंगमधून बाहेर पडताना प्रणालीनं खिशावर हात ठेवला तसा त्यानंही ठेवला, तिच्या नव्हे, स्वतःच्या. सव्वीस मेच्या संध्याकाळी चौकीवर साळवींनी तिची डबी पाहिली. सात दिवस पूर्ण आणि बॅटरी निम्मी शिल्लक. साळवींनी तिथूनच वर फोन लावला. बोलणं झाल्यावर ते म्हणाले, "बीट राहिलं. रिसीव्हर पास. पाचही बीटांना हाच बसणार." मग प्रणालीकडं वळून म्हणाले, "अभिनंदन, रेवाळे."

एकतीस वर्षं त्या चौकीत रेवाळे म्हटलं की जनार्दन 'हां साहेब' म्हणायचा. या वेळीही त्याच्या तोंडून ते निघता निघता राहिलं. मग त्याला जे वाटलं ते त्याला अकरा दिवसांच्या आलेखानंही वाटलं नव्हतं. तो बाहेर गेला आणि नळ बंद असलेल्या बेसिनपाशी उगीच उभा राहिला.

तीस मेला संध्याकाळी जनार्दनाची डबी मेली. बरोबर अकरावा दिवस. प्रणालीची चालू होती.

एकतीस तारीख, नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी साळवी म्हणाले, "चाचणी संपली आता. दुसरी डबी घेऊन जा. मेलेली डबी घेऊन एकट्यानं पुलावर पाऊल टाकायचं नाही, नियम आहे."

"एकटा कुठं हाय साहेब? तिच्या मागनं चालतोय."

साळवींनी त्याच्याकडं पाहिलं आणि नियमाचा विषय सोडला. हातात फक्त वॉकी-टॉकी दिला. चौकीच्या दारात जनार्दनानं खांद्यावरचा हातोडा उतरवला. दांडा त्याच्या हातानं झिजून मध्ये बारीक झाला होता. तो त्यानं प्रणालीच्या हातात दिला.

बोगदा आला. जनार्दनाचा हात सवयीनं छातीकडं गेला आणि रिकामाच खाली आला. पुढं अंधारात प्रणालीची आखूड, सारखी पावलं वाजत होती. त्यांच्यावर पाऊल ठेवून चालायचा प्रयत्न त्यानं करून पाहिला. दहा पावलांत त्याची पोटरी भरून आली. हिला किती दुखलं असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि तो आपल्या चालीनं चालू लागला.

दोघं पुलाच्या मध्यावर होती तेव्हा लांबून शिटी आली. दोन किलोमीटरवरून, डोंगराच्या वळणापलीकडून. गाडी अजून दिसतही नव्हती आणि तिला पुलावरचा माणूस दिसला होता. प्रणाली शांतपणे आसऱ्याच्या चौकटीत शिरली, सासऱ्याला हात देऊन आत घेतलं. तिनं हिरवा झेंडा उघडला. गाडी वेग कमी करून, जवळजवळ अदबीनं, त्यांच्या समोरून गेली. खिडकीतल्या एका बाईनं झेंडा धरलेल्या मुलीकडं वळून पाहिलं.

गाडी गेली आणि जनार्दनाच्या हातातला वॉकी-टॉकी खरखरला. साळवींचा आवाज होता.

"जनार्दन, गाडीचा ड्रायव्हर विचारतोय. पुलावर त्याला दोन माणसं दिसली, पण पडद्यावर एकच होतं. पडद्यात काही बिघाड आहे का म्हणतो."

जनार्दनानं पुढं पाहिलं. प्रणाली पुलावरून निघाली होती, खांद्यावर तो हातोडा, मान ताठ, वाऱ्यात झेंडा गुंडाळत. तिचं पाऊल हातोड्याच्या ओझ्यानंही बदललं नव्हतं.

"पडदा बरोबर हाय म्हणावं, साहेब," तो म्हणाला. "बीटावर चावीवाला एकच असतो. ती पुढं गेली बगा."